अकरा व्यवस्थापकीय संचालक आणि एक बॉयलर

राज्य शासनाच्या मालकीच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षे कॉस्ट अकाउंटंट म्हणून नोकरी केली आणि त्या एकोणीस वर्षांत अकरा व्यवस्थापकीय संचालकांच्या हाताखाली काम केले. त्यांची नावे, रुजू झाल्याच्या तारखा आणि बदलीच्या तारखा मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. ही यादी करण्यामागे त्या वेळी विशेष हेतू नव्हता. उत्पादनखर्चाचे मासिक विवरणपत्र ज्यांच्या सहीने मुंबईला जात असे, त्यांचे नाव आणि पदनाम बिनचूक असावे एवढीच काळजी होती. गेल्या पावसाळ्यात कपाट आवरताना ती वही हाती आली, तेव्हा प्रत्येक नावासमोर त्या त्या वर्षाचा नफातोटा मांडून पाहिला. ज्यांच्या काळात तोटा घटला त्यांची बदली लवकर झाली, असे त्या यादीतून दिसत नाही. ज्यांच्या काळात तो वाढला त्यांची झाली, असेही दिसत नाही. कारखान्याची स्थिती आणि खुर्चीवरच्या माणसाचे येणेजाणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी कसलाच संबंध नव्हता. खासगीकरण, स्पर्धा आणि व्यवस्थापनातील बदल यांचा कंपनीच्या कामगिरीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न माझ्यासाठी या वहीपासून सुरू होतो.

आमच्या कारखान्यातला बॉयलर जुना होता आणि वाफेच्या प्रत्येक टनामागे तो गरजेपेक्षा बराच जास्त कोळसा जाळत होता. नवीन बॉयलर घेतल्यास त्याची किंमत कोळशाच्या बचतीतून तीन वर्षांच्या आत वसूल होईल, असा हिशेब मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मांडला. बॉयलर प्रत्यक्ष बसला तो अकराव्या वर्षी. मधल्या आठ वर्षांत पाच व्यवस्थापकीय संचालकांनी तो प्रस्ताव पाहिला आणि त्यांपैकी एकानेही तो नाकारला नाही, ही गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. नव्याने आलेला अधिकारी पहिले सहा महिने कारखाना समजून घेण्यात घालवीत असे, आणि ते योग्यच होते. पुढचे तीनचार महिने प्रस्तावाचे पुनर्विलोकन आणि सुधारित अंदाजपत्रक यांत जात. निविदेचा मसुदा तयार होऊन संचालक मंडळापुढे जायची वेळ येई, तोवर बदलीचा आदेश आलेला असे. मग फाइल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होई. आठ वर्षे जास्तीचा जळलेला कोळसा कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या नावावर लिहिता येत नाही. पण तो जळला, आणि त्याचे पैसे या राज्याच्या जनतेने भरले.

त्यांच्यापैकी एक अधिकारी आजही आठवतात. महसूल खात्यातून आले होते, यंत्रांची माहिती नव्हती, पण पहाटे सहाच्या पाळीला बॉयलर हाउसमध्ये येऊन फायरमनशी बोलत उभे राहात. त्यांच्या काळात भांडारातला न लागणारा माल विकला गेला, उधारीची वसुली वाढली आणि त्या वर्षाचा तोटा आधीच्या वर्षापेक्षा स्पष्टपणे कमी झाला. चौदाव्या महिन्यात त्यांची बदली झाली. ती शिक्षा नव्हती की बढतीही नव्हती. कुठल्या तरी जिल्ह्यात जागा रिकामी झाली होती, एवढेच. पुढे वाचनात आले की, ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकातील खासगीकरणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना नेमके हेच आढळले होते: शासकीय मालकी असेपर्यंत कंपनीची कामगिरी आणि वरिष्ठ व्यवस्थापकांचे जाणे यांत संबंध दिसत नाही, आणि खासगीकरणानंतर तो दिसू लागतो. तेव्हा मला प्रथमच वाटले की आपल्या वहीतली गोष्ट एकट्या आपल्या कारखान्याची नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, रुजू झालो. मोटारींच्या आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांना लागणारी कास्टिंग्ज तिथे होत असत. पहिल्याच आठवड्यात एक फरक जाणवला. जुन्या कारखान्यात मी काढलेला उत्पादनखर्च महिनाअखेरीस विवरणपत्रात जाई आणि तिथेच राही. इथे मालक रोज सकाळी मोल्डिंगच्या लाइनवर उभे राहून आदल्या दिवशीचे रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, विचारीत, कारण तेच कास्टिंग आमच्यापेक्षा किलोमागे रुपया-दीड रुपया कमी घेऊन करून देणारी फौंड्री त्याच रस्त्यावर होती आणि आमच्या ग्राहकाकडे तिच्याही दराचा कागद होता. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींत हे रोजचेच आहे. परंतु केवळ मालकी खासगी आहे आणि समोर स्पर्धा आहे म्हणून कारखाना आपोआप चांगला चालतो, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला असता तर तो चुकला असता.

त्याचे कारण असे की, आमच्या फौंड्रीचे व्यवस्थापक मालकांचे जुने सहकारी होते, क्युपोलाच्या, म्हणजे कोक जाळणाऱ्या जुन्या भट्टीच्या, काळात शिकलेले होते, आणि विजेवरची इंडक्शन फर्नेस येऊन चार वर्षे झाली तरी वाळूची तपासणी आणि धातूचे तापमान यांच्या नोंदी ठेवणे त्यांना अनावश्यक वाटत असे. शंभरातली नऊदहा कास्टिंग्ज परत येत. मालकांना ते दिसत होते, ग्राहकांची पत्रे येत होती, आणि तरीही तीन वर्षे काही बदलले नाही, कारण ज्या माणसाने आपल्याबरोबर उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडपासून सुरुवात केली त्याला बाजूला करणे मालकांना जड जात होते. शेवटी एका मोठ्या ग्राहकाने पुढच्या तिमाहीच्या ऑर्डरी थांबवल्या, तेव्हा बेळगावच्या एका फौंड्रीतून नवा व्यवस्थापक आणला गेला. जुन्या व्यवस्थापकांना सन्मानाने खरेदी विभागात नेले. मशिनरी तीच, कामगार तेच, मालकही तेच. परंतु दीड वर्षात रिजेक्शन निम्म्यावर आले. स्पर्धेने दार ठोठावले होते आणि मालकीने ते उघडण्याचा अधिकार दिला होता, तरी काम झाले ते माणूस बदलल्यावर.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पूर्व युरोपात तपासली गेली आहे. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर चेक सरकारने कारखान्यांचे भाग व्हाउचरच्या रूपाने सर्वसामान्य नागरिकांना दिले. कागदोपत्री मालकी एका झटक्यात बदलली, पण अनेक कारखान्यांत आत बसलेला व्यवस्थापक जुन्या काळातलाच राहिला. स्टाइन क्लासेन्स आणि सिमिऑन जान्कोव्ह यांनी १९९३ ते १९९७ या काळातील ७०६ चेक कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा जिथे नवीन व्यवस्थापक आले तिथे नफ्याचे प्रमाण आणि कामगारांची उत्पादकता सुधारल्याचे आढळले. आणि त्यांची निवड खासगी मालकांनी केलेली असेल तर ही सुधारणा विशेष होती. त्याआधी रशियातील ४५२ दुकानांच्या खासगीकरणाचा एक अभ्यास झाला होता. दुकानाची दुरुस्ती करणे, नवीन पुरवठादार शोधणे, दुकान जास्त वेळ उघडे ठेवणे असे बदल कुठे झाले, हे त्यात पाहिले गेले. नव्या माणसांच्या हाती गेलेल्या दुकानांत ते अधिक झाले. जुन्याच व्यवस्थापकाला मालकीत हिस्सा दिल्याने ते होतात, असा पुरावा मिळाला नाही. आमच्या फौंड्रीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे हे वाचताना मला आश्चर्य वाटले नाही.

आता दुसरी बाजू. शासकीय मालकी म्हणजे वाईट कामगिरी, असे मी मानत नाही, आणि त्याला कारण मारुती आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत पहिली दहाअकरा वर्षे शासनाचा वाटा निम्म्याहून अधिक होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, म्हणजे स्थापनेनंतर तीन वर्षांच्या आत. आमच्या बॉयलरला आठ वर्षे लागली हे लक्षात घेतले, तर त्या वेगाची कल्पना येईल. व्ही. कृष्णमूर्ती आणि त्यांच्यानंतर आर. सी. भार्गव यांना तिथे काम करायला वर्षे मिळाली. भार्गव १९८५ पासून १९९७ पर्यंत व्यवस्थापकीय संचालक होते. सुझुकीसारखा भागीदार शेजारी बसलेला होता, हे तर खरेच. आणि १९९७ मध्ये शासन व सुझुकी यांच्यात जो उघड वाद पेटून न्यायालयापर्यंत गेला, तो व्यवस्थापकीय संचालक कोणी नेमायचा यावरच होता. २००२ मध्ये सुझुकीकडे बहुमत गेले, २००७ मध्ये शासन पूर्णपणे बाहेर पडले. माझ्या मते त्या कंपनीचा खरा कस १९९३ मध्ये मोटारउद्योगावरचा परवाना उठल्यावर आणि त्या दशकाच्या अखेरीस नव्या परदेशी गाड्या बाजारात उतरल्यावर लागला. त्या स्पर्धेचे हादरे आमच्या शिरोलीपर्यंत पोहोचले. कास्टिंगच्या मापातली जी चूक पूर्वी चालून जात असे, ती नंतर चालेनाशी झाली.

कॅनडाच्या रेल्वेचे उदाहरण याहून स्वच्छ आहे. तिथे एक मोठी रेल्वे कंपनी शासकीय आणि दुसरी खासगी अशा दोघी समोरासमोर धावत होत्या. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत शासकीय कंपनी खासगीपेक्षा कमी कार्यक्षम आढळली नाही. स्पर्धा खरी असेल तर शासकीय मालकीचे दोष बरेच झाकले जातात, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

स्पर्धेविषयी लिहिताना कोल्हापूरकराने शाहू मिलचे नाव टाळू नये. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये तिची पायाभरणी केली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०४ मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला होता. एका बाजूला एक मोठी गिरणी आणि दुसऱ्या बाजूला हजारो लहान मालकांचे माग, असे हे दोन मार्ग तीस किलोमीटरच्या आत शंभर वर्षे शेजारी शेजारी चालले. पुढे राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली गिरणी या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली; इचलकरंजी अडचणीत असली तरी तिचे माग चालू आहेत. यावरून स्पर्धेत टिकलेला तो कार्यक्षम, असे सरळ गणित मांडणे मात्र मला अन्यायाचे वाटते. गिरणीला कामगार कायदे, भविष्यनिर्वाह निधी आणि उत्पादनशुल्क यांचा पूर्ण भार होता. विकेंद्रित यंत्रमागांना करांत सवलती होत्या आणि तिथल्या कामगाराला गिरणी कामगाराचे संरक्षण नव्हते. दोन पैलवानांपैकी एकाच्या पायाला ओझे बांधून लावलेल्या कुस्तीचा निकाल आखाड्यात कोणी मान्य करणार नाही. ज्यांचे वडील त्या गिरणीच्या भोंग्यावर घराबाहेर पडत, अशी माणसे मंगळवार पेठेत आणि राजारामपुरीत आजही आहेत, आणि गिरणी कार्यक्षम नव्हती म्हणून बंद पडली हे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारताना माझी जीभ अडखळते.

जिथे स्पर्धा असूच शकत नाही, तिथले खासगीकरण हा वेगळाच विषय आहे. कोल्हापुरात रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन शहराच्या वेशीवर टोल बसवला गेला, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली सारे शहर रस्त्यावर उतरले आणि २०१५ मध्ये तो टोल रद्द झाला. त्या मोर्चांत मीही होतो. कारखान्याचे कास्टिंग आवडले नाही तर ग्राहक दुसरीकडे जातो. गावाच्या वेशीवरचा रस्ता आवडला नाही तर जाणार कुठे? वीजवितरणाचेही तसेच. भिवंडीचे वितरण २००७ मध्ये खासगी फ्रँचायझीकडे गेले आणि तिथली गळती मोठ्या प्रमाणात कमी झाली; पुढे त्याच पद्धतीने औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर ही शहरे खासगी कंपन्यांकडे दिली गेली आणि तिन्ही ठिकाणचे करार मुदतीआधीच संपुष्टात आले. राज्य एक, कायदा एक, पद्धत एक, आणि तरी चार गावांत एकसारखा निकाल लागला नाही. जो कोणी खासगीकरणाने सर्व सुधारते किंवा सर्व बिघडते असे छातीठोकपणे सांगतो, त्याने ही चार गावे शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

एअर इंडियाबद्दल थोडेच लिहितो. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे परत गेली. त्याआधी २०१७ या एका वर्षात तिच्या प्रमुखाच्या खुर्चीवर तीन अधिकारी बसले होते. नव्या मालकांनी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, पण तोटा त्यामुळे लगेच थांबला नाही. वर्षानुवर्षे पुढे ढकललेली कामे नव्या मालकाच्या पहिल्या ताळेबंदात खर्च म्हणून उतरतात, हे कोणताही लेखापाल सांगेल.

माझ्या मनाला सर्वांत जवळचा प्रश्न साखर कारखान्यांचा आहे, कारण पन्हाळा तालुक्यात माझी थोडी जमीन आहे आणि मी एका सहकारी कारखान्याचा सभासद आहे. सहकारी कारखाना शासनाचाही नाही आणि खासगीही नाही. त्याचे मालक हजारो सभासद असतात आणि त्यातला प्रत्येक जण मालकाबरोबरच कच्च्या मालाचा पुरवठादारही असतो. याच तालुक्यातला आसुर्ले-पोर्ले येथील दत्त कारखाना २०१२ मध्ये दालमिया समूहाकडे गेला. कर्नाटकाच्या सीमेपासून वारणेच्या खोऱ्यापर्यंत आता खासगी, सहकारी आणि भाड्याने चालवलेले असे तिन्ही प्रकारचे कारखाने एकाच उसासाठी झटतात. हंगामात माझ्या बांधावर दोन कारखान्यांचे चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे कर्मचारी, एकाच आठवड्यात येऊन गेले आहेत. दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराची अट असूनही ही स्पर्धा आहे, आणि तिच्यामुळे शेतकऱ्याला काटा कुठला खरा आणि बिल कुठे वेळेवर मिळते, एवढे तरी तोलून पाहता येते. एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, चौदा दिवसांत देण्याचे बंधन कायद्यात आहेच. परंतु ते पाळायला लावण्यात कायद्याइतकाच जयसिंगपूरच्या ऊस परिषदेचा आणि शेजारच्या कारखान्याच्या दराचा वाटा आहे, असे माझे निरीक्षण आहे.

आता व्यवस्थापनाकडे येतो. कार्यकारी संचालक साखर आयुक्तालयाच्या पॅनेलवरील नावांतून घ्यायचा असतो, म्हणजे पात्रतेची किमान चाळणी लागलेली असते. चाळणी लागल्यानंतर त्या माणसाला किती काळ आणि कशाच्या आधारावर ठेवायचे, हे मात्र संचालक मंडळ ठरवते, आणि मंडळ पाच वर्षांनी सभासदांच्या मतांवर निवडून येते. निवडणुकीत मंडळ बदलले की कार्यकारी संचालक बदलतो, त्याच्याबरोबर शेती अधिकारी बदलतो, कधी चीफ केमिस्टही बदलतो. ऑफ सीझनमध्ये मिलच्या देखभालीचा जो कार्यक्रम ठरलेला असतो तो अर्धवट राहतो आणि त्याची किंमत जानेवारीत, गाळप ऐन भरात असताना, बंद तासांच्या रूपाने मोजावी लागते. तोडणी लांबते, उसाचे वजन घटते, साखरेचा उतारा खाली येतो. मी गेली काही वर्षे माझ्या कारखान्याच्या वार्षिक अहवालांतून बंद तासांचे आकडे काढून लिहितो आहे, आणि ज्या हंगामाआधी कार्यकारी संचालक बदलला त्या हंगामात ते वाढलेले दिसतात. एका कारखान्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणतो. परंतु याच जिल्ह्यात असे सहकारी कारखानेही आहेत, जिथे नेतृत्व आणि अधिकारी दीर्घकाळ टिकले, आणि उतारा, गाळप व दर यांत ते कोणत्याही खासगी कारखान्याच्या तोडीस तोड राहिले. कागलच्या शाहू कारखान्याला मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार त्याची साक्ष देतात.

सहकारात मालकी न बदलता व्यवस्थापन बदलण्याचा प्रयोग महाराष्ट्राने केला आहे. अडचणीत आलेला महानंद दूध महासंघ २०२४ मध्ये गुजरातेत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाकडे चालवायला देण्यात आला. त्या निर्णयावर बरीच टीका झाली. महाराष्ट्राचे दूध गुजरातच्या हाती गेले, असेही म्हटले गेले. मला ती टीका पटत नाही, परंतु तिच्यामागची भीती खोटी नाही: बाहेरून आणलेला व्यवस्थापक दूध उत्पादकाला उत्तरदायी राहील की नेमणाऱ्या मंडळाला, हा प्रश्न कोणत्याही उत्पादकाने विचारावाच. गोकुळसारखा जिल्हा संघ १९६३ पासून स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि मुंबईच्या बाजारात अमूलच्या समोर दूध विकू लागला, तेव्हाच राज्य पातळीवरच्या महासंघाची परीक्षा सुरू झाली होती. त्या परीक्षेत कोण बसले आणि त्याला किती वर्षे मिळाली, याचा तक्ता कोणी अभ्यासकाने मांडला तर तो मी आवर्जून वाचीन.

आमच्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. आमच्याकडच्या सभा कशा होतात हे सर्वांना ठाऊक आहे. विषय वाचून पूर्ण होण्याआधीच एका बाजूने मंजूर आणि दुसऱ्या बाजूने नामंजूर अशा घोषणा सुरू होतात आणि अहवालाची पाने उलटायला कुणाला सवड मिळत नाही. म्हणून मी माझा प्रश्न लेखी दिला आहे: गेल्या दहा वर्षांत कारखान्यात किती कार्यकारी संचालक झाले, प्रत्येकाचा कार्यकाळ किती होता, त्या त्या हंगामातील उतारा, बंद तास आणि प्रतिक्विंटल उत्पादनखर्च किती होता, आणि प्रत्येक जण कोणत्या कारणाने गेला. शेअर्स विभागातल्या मुलीने अर्ज दोनदा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, ‘काका, कारण पण लिहून द्यायला लागंल का त्यांना?’ असे विचारले. मी हो म्हणालो. तिने पोचपावतीवर शिक्का मारला आणि आवक क्रमांक घालून प्रत माझ्या हाती दिली.